टेप क्र. ३१ ते ३८ : बुरशी, शेवटचे षटक आणि एक स्ट्राइक

मामाच्या डोंबिवलीच्या माळ्यावरून ६४ व्हीएचएस टेपा उतरवल्या, त्या संगणकावर उतरवून निवडक तुकडे यूट्यूबवर चढवतो आहे; त्यातल्या ३० मागच्या नोंदीपर्यंत झाल्या होत्या. या खेपेला फक्त आठ. आठ टेपांना चार महिने लागले. त्यातला दीड महिना टेपांनी खाल्ला आणि उरलेला कॉपीराइटने, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा लांबली आहे.

टेप ३१, ३२

दोन्ही ई-१८० (तीन तासांच्या), दोन्ही एलपीवर, म्हणजे ‘लाँग प्ले’ या संथ वेगावर भरलेल्या. तीन तासांच्या जागी सहा तास. मामाचा हिशेब सरळ होता : टेप महाग, कार्यक्रम फुकट. पण एलपीत टेप निम्म्या वेगाने सरकते, चित्राचा माग अरुंद होतो, आणि तीस वर्षांनी दुसऱ्याच डेकवर लावली की ट्रॅकिंग, म्हणजे हेडचा त्या मागावरचा नेम, जागेवर टिकत नाही. माझा एस-व्हीएचएस डेक (टीबीसीवाला, म्हणजे थरथरते चित्र सावरणारा, लॅमिंग्टन रोडवर दुरुस्त करून घेतलेला) एसपीवर, म्हणजे नेहमीच्या वेगावर, राजा आहे, एलपीवर रडतो. शेवटी मामाच्याच जुन्या व्हीसीआरचा पट्टा बदलून त्यावर चालवल्या. ज्या हेडने भरले त्याच हेडने वाचले, चित्र ताबडतोब स्थिरावले. एलपी टेप हाती आली तर मूळ यंत्र भंगारात देऊ नका, एवढे लक्षात ठेवा.

कॅप्चर नेहमीचेच. ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचे), हफीवाययूव्ही या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात, तासाला साधारण तीस जीबी. साठवणीला तसेच दुसरे स्वरूप, एफएफव्ही१. पाहायच्या प्रतीसाठी क्यूटीजीएमसी (ओळी जुळवून पूर्ण चित्र करणारी स्क्रिप्ट) लावून सेकंदाला ५० फ्रेम. आपल्याकडे टीव्हीची ‘पाल’ (PAL) पद्धत असल्यामुळे सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रे असतात. त्या ५०च्या २५ फ्रेम करून टाकल्या की स्टुडिओत चित्रित झालेल्या कार्यक्रमाची ती ओली, जिवंत हालचाल जाते आणि नाटक सिनेमासारखे दिसू लागते. बहुतेक लोक नेमके हेच करतात.

टेप ३३

लेबलावर मामाचे अक्षर : ‘नाट्यगीत + बातम्या + इतर’. या ‘इतर’मध्येच सगळी गंमत.

स्टुडिओतली बैठक, तबला, ऑर्गन आणि सौभद्रातले एक पद. गायिका कोण ते पाटीत दिसत नाही, कारण मामाने रेकॉर्डचे बटण उशिरा दाबले. साडेचार मिनिटांचा तुकडा चढवला आणि चहा होईपर्यंत त्यावर क्लेम आला. एका संगीत कंपनीच्या ध्वनिमुद्रिकेशी ‘जुळतो’ म्हणे. ती ध्वनिमुद्रिका शोधून ऐकली. आवाज पुरुषाचा, पट्टी वेगळी, साथीला व्हायोलिन. जुळत होती फक्त चाल.

नव्याने यात पडलेल्यांसाठी थोडे खुलासेवार. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७ सालची. हक्कधारक आपल्या फायली तिच्याकडे देऊन ठेवतो, यंत्र प्रत्येक नव्या व्हिडिओचा ठसा त्यांच्याशी ताडून पाहते. जुळला की क्लेम : व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातीचे पैसे घ्यायचे, की नुसता हिशेब ठेवायचा, हे हक्कधारक ठरवतो. क्लेमने चॅनेलला धक्का लागत नाही. स्ट्राइक वेगळी. ती कोणीतरी रीतसर काढून टाकण्याची मागणी केल्यावर येते, ९० दिवस राहते, आणि ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेल बंद. लोक दोन्हीला ‘कॉपीराइट आला’ म्हणतात आणि क्लेमला घाबरून अख्खे चॅनेल पुसून टाकतात. तसे करू नका.

मी क्लेमला हरकत घेतली. हरकतीला उत्तर द्यायला समोरच्याला ३० दिवस असतात. तो गप्प राहिला तर क्लेम सुटतो. मी लिहिले की अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली वारले, त्यांच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही, आणि हे गायनही तुमच्या ध्वनिमुद्रिकेतले नाही. ३० दिवस कोणी बोलले नाही. क्लेम सुटला.

दोन दिवस छाती फुगवून फिरलो. मग जरा शांतपणे विचार केला. कंपनीचा दावा चुकीचा होता, म्हणून माझा व्हिडिओ बरोबर ठरतो का? ते मुद्रण दूरदर्शनचे. गायिकेचा कलाकार म्हणून हक्क वेगळा, तो ५० वर्षांचा. माझ्याकडे आहे ती फक्त मामाने उशिरा दाबलेल्या बटणाची पुण्याई.

टेप ३४

बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून पाहिले तर रिळाच्या कडेला पांढरी साय. डेकमध्ये घातली असती तर हेडही गेले असते आणि पुढच्या दहा टेपांना लागण झाली असती. सिलिका जेलच्या डब्यात तीन आठवडे वाळवली, मग रिकाम्या कवचात घालून हाताने फिरवत पुसली. तोंडाला मास्क बांधा, ती धूळ वाईट असते.

आत संध्याकाळच्या बातम्यांचा शेवट, निवेदिकेने सांगितलेले पुढचे कार्यक्रम, दोन साबणाच्या जाहिराती आणि ‘व्यत्यय’ची पाटी तब्बल पावणेदोन मिनिटे. मामाने ती का भरून ठेवली? विचारले तर म्हणाला, “अरे, आत्ता सुरू होईल म्हणून थांबलो होतो!”

हा तुकडा चढवून तीन महिने झाले. एकही क्लेम नाही. आणि सगळ्यात जास्त प्रतिसाद यालाच.

टेप ३५, ३६

कोऱ्या निघाल्या. म्हणजे कोऱ्या नव्हत्या, कोणाच्या तरी मुंजीवर पुसून केबलवरचा सिनेमा भरला होता. मामीला अजून सांगितलेले नाही.

टेप ३७

इथे स्ट्राइक आली.

२४ नोव्हेंबर १९९३, ईडन गार्डन्स, हिरो कपची उपांत्य फेरी. भारत १९५. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि अझरुद्दीनने चेंडू दिला तेंडुलकरकडे. तीन धावा दिल्या, आपण दोन धावांनी जिंकलो. मामाच्या टेपवर ते षटक संपूर्ण आहे. टीव्हीसमोर बसलेल्या घराचा आवाज मात्र नाही, तार थेट व्हीसीआरला जोडलेली होती ना. मला त्याची हळहळ वाटते.

चढवू नये हे कळत होते. क्रिकेट म्हणजे विस्तवाशी खेळ. तरी चढवले. रात्री अकराला चढवले, सकाळी उठेपर्यंत गेले होते. क्लेम नाही, रीतसर नोटीस. या सामन्यांचे हक्क आता आमच्याकडे आहेत असे म्हणणारी एक कंपनी. चॅनेलवर एक स्ट्राइक, सात दिवस नवीन काही चढवायला बंदी, आणि कॉपीराइटचा धडा पाहून चार प्रश्नांची उत्तरे द्या. दिली. पास झालो.

प्रतिनोटीस पाठवायचा मोह झाला होता. ती सोय अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए कायद्यातून आलेली. तिच्यात खरे नाव, पत्ता द्यावा लागतो, ते समोरच्याकडे जातात, आणि त्याने दहा कामकाजी दिवसांत कोर्टात गेल्याचे दाखवले नाही तर व्हिडिओ परत येतो. आपल्या कायद्यातही २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम ५२(१)(ग) खाली अशी तरतूद आहे : तक्रार आली की साइटने ३६ तासांत व्हिडिओ रोखायचा, २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर रोखणे संपवता येते. कागदावर आपली तरतूद चढवणाऱ्याला सोपी वाटते, पण फॉर्म पुढे येतो तो अमेरिकेचाच. मी नाही पाठवली. खोटे कशाला बोलू, माझी बाजूच नव्हती. ‘समीक्षा’ म्हणावे तर समीक्षेचा एक शब्द मी जोडला नव्हता. नुसते षटक.

पण याच स्पर्धेच्या चित्रांवरून तेव्हा केवढे रण माजले होते! बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन आणि मंत्रालय अडून बसले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ला निकाल लागला. त्यातले मुख्य निकालपत्र आपल्या न्या. पी. बी. सावंतांचे. प्रक्षेपण ज्यांवरून होते त्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे त्यात ठरले. म्हणजे ज्या लहरींवरून ते षटक डोंबिवलीत आले त्या लोकांच्या, आणि लहरींवर बसून आलेले चित्र मात्र लोकांचे नाही. कायद्याने यात विसंगती काहीच नाही. मला तरी रात्री झोप आली नाही.

मुदतीचा हिशेब

हा प्रश्न सतत येतो : जुने आहे, मग मोकळे नाही का? स्ट्राइकच्या सात दिवसांत १९५७चा कॉपीराइट कायदा घेऊन बसलो. मी वकील नाही, पण मजकूर वाचता येतो.

प्रक्षेपकाचा प्रक्षेपणावरचा हक्क कलम ३७ प्रमाणे २५ वर्षांचा, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा. १९९३चे प्रक्षेपण २०१८ संपताच सुटले. इथवर वाचून मी उडीच मारली होती. पण मुद्रित झालेला कार्यक्रम कायद्याच्या व्याख्येत ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’मध्ये बसतो, आणि त्याला ६० वर्षे. १९९३ अधिक ६०, म्हणजे २०५३ संपेपर्यंत. आत वाजलेल्या ध्वनिमुद्रिकेला तिची स्वतःची ६०. आत वाचलेल्या कवितेला कवीच्या मृत्यूनंतर ६०. मुळात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षेच होती. टागोर १९४१ला गेले, त्यांच्या साहित्यावरची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा ती ६० केली. एका टेपचा एक तास म्हणजे वेगवेगळ्या तारखांची पाच-सहा कुलुपे असलेली पेटी.

काही मंडळी कुलूप फोडण्याऐवजी पेटीच उलटी करतात. व्हिडिओ आरशात दाखवल्यासारखा फिरवायचा, चौकटीत छोटा करायचा, आवाजाची पट्टी वर चढवायची. यंत्र फसते कधीकधी. परवा असाच एक तुकडा पाहिला : निवेदिकेचा पदर भलत्याच खांद्यावर, मागचे घड्याळ उलटे चालतेय, देवनागरी पाटी उलटी. जतन करायला निघालो आणि पुरावाच खोटा करून ठेवला. त्यापेक्षा चढवू नये.

टेप ३८ आणि बदललेली पद्धत

टेप स्वच्छ, एसपी. ‘आमची माती, आमची माणसं’चा अर्धा भाग, ऊसावरच्या किडीबद्दल. पुढे पुन्हा निवेदन, पुन्हा जाहिराती.

३८ टेपांनंतर एक गोष्ट दिसते आहे. गाणे, सिनेमा, क्रिकेट यांच्यामागे मालक जागा असतो. जागा मालक म्हणजे त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगली प्रतही असणार. प्रसार भारतीही आपल्या संग्रहातले जुने कार्यक्रम स्वतः चढवते, आणि ते माझ्या एलपीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. मग मी तेच कशाला चढवू? मामाच्या टेपेवर जे आहे आणि दुसरीकडे मिळण्याची आशा कमी, ते म्हणजे दोन कार्यक्रमांमधली जागा. निवेदन, पाट्या, व्यत्यय, बातम्या संपताना निवेदकाने कागद जुळवणे. फिलाडेल्फियाच्या मेरियन स्टोक्सबाईंनी १९७९पासून २०१२ला मृत्यू येईपर्यंत घरी टीव्ही भरून ठेवला, सुमारे ७० हजार टेपा, आणि त्या पुढे इंटरनेट आर्काइव्ह या जतन करणाऱ्या संस्थेकडे गेल्या. त्यात मोल याच सलगतेचे आहे. मामाच्या ६४ त्यापुढे चिमूटभर, पण डोंबिवलीचा सलग गुरुवार दुसऱ्या कोणी भरला असेल असे वाटत नाही.

म्हणून आता असे : मास्टर फायली सगळ्यांच्या, दोन डिस्कवर, एक माझ्याकडे, एक बहिणीकडे. सार्वजनिक चढवायचे ते फक्त मधल्या जागांचे तुकडे, गाणे सुरू व्हायच्या आत कापून. जाहिरातींच्या जिंगलवर कधीतरी क्लेम येणार हे धरून चालतो. टेपेची यादी मात्र पूर्ण उघडी ठेवतो, मिनिटासकट. यादीवर कोणी स्ट्राइक मारू शकत नाही. स्ट्राइकचे ९० दिवस संपायला अजून ४१ आहेत.

मामाचा फोन आला होता. “अरे, सचिनची ती ओव्हर शेजाऱ्यांना दाखवायला गेलो, तर काळी पाटीच दिसतेय.”

“काढली त्यांनी, मामा.”

“कोणी? टेप तर माझी आहे!”

समजावून सांगायचा प्रयत्न केला. रेडिओलहरींपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला की गॅसवर दूध आहे. रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन जातो आहे.

टेप ३९ सध्या डब्यात वाळते आहे. लेबलावर फक्त ‘साप्ताहिकी?’ एवढेच, प्रश्नचिन्हासकट.