शिक्षा संपली तरी मत नाही?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचं प्रकरण वाचून डोकंच फिरलं. २०१८ ला तिथल्या जवळपास ६५ टक्के मतदारांनी ठरवलं की शिक्षा भोगून झालेल्यांना मतदानाचा हक्क परत द्यायचा, खून आणि लैंगिक गुन्हेवाले सोडून. झालं, २०१९ मध्ये कायदा आला की आधी कोर्टाचा दंड, फी, भरपाई सगळं चुकतं करा. बरं, माणूस भरायला तयार असला तरी नक्की किती बाकी आहे हे एका जागी सांगणारी यादीच राज्याकडे नव्हती, मग जुन्या केसचे कागद या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) त्या काउंटीत शोधत बसा! (अमेरिकेतल्याच मेन आणि व्हर्मांट या राज्यांत तर जेलमधूनही मत देता येतं.) २०२२ मध्ये फ्लोरिडात काही जणांना हक्क नसताना मत दिलं म्हणून अटक झाली, आणि त्यातल्या काहींना मतदार कार्ड सरकारी ऑफिसातूनच मिळालेलं.