पावागडाहून आणलेला विस्तव

आमच्या घराण्यात पंढरीची वारी नाही. पण बडोद्यातल्या दांडिया बाजारातील आमच्या वाड्यातून दर सर्वपित्री अमावास्येला चार-पाच जण पावागडावर जातात, कालिकामातेच्या दिव्यावर मशाल पेटवतात आणि सुमारे ५० किलोमीटर रातोरात पायी चालून घटस्थापनेपूर्वी ती घरी आणतात. यालाच आजोबा वारी म्हणत. गुजरातेत अशी ज्योत आणणारी मंडळे गावोगावी आहेत. आमची कुलदेवता तुळजापूरची आणि बडोद्याहून तुळजापूर लांब, एवढ्या कारणाने आम्ही त्यांच्यात मिसळलो असावे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.

मशाल म्हणजे लोखंडी दांड्याच्या टोकाला पत्र्याची वाटी, तीत सुती कापडाचा घट्ट पिळलेला काकडा आणि वर तिळाचे तेल. जो ती धरेल त्याने अनवाणी चालायचे आणि हात खांद्याखाली आणायचा नाही. पहिल्या अर्ध्या तासातच तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. गोंधळात दिवटीवर बुधलीने तेल घालणारे गोंधळी मी लहानपणापासून पाहिले होते, पण दिवटी नुसती धरून भागत नाही, तिला लेकरासारखे सतत पाजत राहावे लागते, हे त्या संध्याकाळी कळले.

गड उतरून चांपानेरच्या तटापाशी आलो की मशालीकडे मला नीट बघवत नाही. १४८४ मध्ये महमूद बेगड्याने हा गड जिंकला, तेव्हा राजपूत स्त्रियांनी जोहार केल्याचे सांगतात. तो प्रसंग केवळ पराक्रम म्हणून रंगवणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही.

अमावास्येच्या अंधारात हालोल मागे पडले आणि आमच्यातले वडीलधारे, निवृत्त संस्कृत शिक्षक असलेले काका बोलू लागले. शतपथ ब्राह्मणात विदेघ माथव नावाचा राजा वैश्वानर अग्नी तोंडात धरून बसतो. अग्नी तोंडातून पडू नये म्हणून पुरोहित गोतम राहूगणाच्या हाकेला तो ओ देत नाही. शेवटी पुरोहिताच्या मंत्रात ‘घृत’ हा शब्द येतो आणि तुपाच्या नुसत्या नावाने भडकलेला अग्नी बाहेर पडून सरस्वतीपासून पूर्वेकडे जाळत सुटतो, तो सदानीरा नदीपाशी थांबतो. “म्हणजे मशाल वाहणारे आपण काही पहिले नव्हे,” काका म्हणाले. मग पारशांच्या पवित्र अग्नीचा, इराणशाहचा, विषय निघाला. वीज, चिता, कुंभाराची भट्टी अशा सोळा ठिकाणांचे अग्नी शुद्ध करून एकत्र आणलेला तो आतश बहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा अग्नी, संकटकाळी संजाणहून बाहरोटच्या गुहांत नेला गेला, पुढे वांसदा आणि नवसारी करत १७४२ मध्ये उदवाड्यास पोहोचला. माणसे पळाली तेव्हा त्यांनी अग्नीलाही बरोबर घेतले, हे मला फार मोठे वाटते. गरब्याच्या छिद्रांच्या घड्यातला दिवाही मला याच कुळातला वाटतो, वाऱ्यापासून जपून मिरवायचा.

आगपेटी नव्हती तेव्हा चुलीतले निखारे राखेखाली जपायचे आणि विझलेच तर शेजारून खापरीत विस्तव आणायचा, अशी रीत होती. ‘त्या दोघांत विस्तव जात नाही’ हे आपण ज्या वैराला म्हणतो, त्यामागे हेच देणे-घेणे असावे, असा माझा तर्क आहे. काकांना तो मान्य नव्हता. जरोद येईपर्यंत आमचा यावर वाद चालला होता.

वाद घालताना माझा हात उतरला. शेजारून मालट्रक गेला आणि ज्योत विझली. कोणी काही बोलले नाही. मागच्या सायकलवर पावागडाच्याच ज्योतीवर लावलेला कंदील होता. काकांनी काच वर केली, मी काकडा पुढे धरला. “तोच आहे,” ते एवढेच म्हणाले, पण पुढचा बराच वेळ मशाल दुसऱ्याच्या हातात राहिली.

पहाटे आई दारात समई घेऊन उभी होती. तिने वात पुढे केली, नंदादीप लागला. जरोदची गोष्ट मी तिला सांगितली नाही. औक्षण करताना माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, “रॉकेलचा वास येतोय रे,” आणि न्हाणीघरातून चिमूटभर डाळीचे पीठ आणून माझ्या तळहातावर ठेवले.