नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही

इथल्या एका नियमाचं मला इतकं कौतुक आहे की आज त्यावरच लिहिते. इंग्लंडात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला गेलात तर तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टला नुसता नंबर काढून मोकळं होता येत नाही, डोळा बाहेरून आणि आतून बघून कुठे आजाराची खूण आहे का ते तपासणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे. १९८९ पासूनचा नियम. आणि तपासणी संपली की नंबरचा कागद लगेच तुमच्या हातात, मग चष्मा तिथे करा नाहीतर रस्त्यापलीकडच्या दुकानात करा.

मी स्विंडनमध्ये गेले होते ती फक्त वाचायचा चष्मा करायला, चाळिशी लागली म्हणून. अक्षरं वाचून झाली, मला वाटलं आटपलं, तर बाईंनी डोळ्यावर हवेचा फट्कन झोत मारून प्रेशर घेतलं. मग कडेची नजर बघायला एक डोळा झाकून हनुवटी टेकवून बसवलं, समोर कुठेतरी बारीक उजेडाचा ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं आणि नजर मात्र मधल्या खुणेवरून हलवायची नाही. मग खोलीत अंधार करून त्या एवढ्या जवळ आल्या की त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि डोळ्यात उजेड टाकला तेव्हा मला माझ्याच डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दिसल्या, पानगळीतल्या सावरीच्या फांद्यांसारख्या. डोळ्यामागची नस कशी दिसते ते त्या बघत होत्या. प्रेशर साधारण १० ते २१ च्या मध्ये असलं तर ठीक धरतात, पण तेवढ्यात असूनही काचबिंदू, म्हणजे ती नस खराब करणारा आजार, होतो, म्हणून नस बघावीच लागते.

आणि मग विचारलं, घरात कोणाला काचबिंदू आहे का?

मी रात्री गोव्यात अस्नोड्याला घरी फोन लावला. बाबा म्हणाले तसं काही नाही, फक्त आईला, म्हणजे माझ्या आजीला, शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं, म्हातारपण होतं. कोणी तपासलं होतं का? नाही. बाबांचे डोळे? ते दरवर्षी तपासतात की! म्हणजे काय, तर चष्म्याच्या दुकानात मशीनसमोर बसून नंबर, फुकट. पेपर बारीक अक्षरासकट वाचतात, स्कूटरवरून शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातात, मग डोळ्यांना काय झालंय?

मी भावाच्या मागे लागले, त्याने म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांना, आणि एका डोळ्याची कडेची नजर बरीच गेलेली. डिचोलीकडून येणारा ट्रक "एकदम अंगावर येतो" अशी बाबांची तक्रार होती आणि आम्ही सगळे ट्रकवाल्यांना शिव्या देत होतो. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळा दुखत नाही, लालही होत नाही, तो बहुतेकांची आधी बाजूची नजर खातो आणि मधली शाबूत ठेवतो, त्यामुळे माणूस अक्षरं धडाधड वाचतो आणि नंबरही बरोबर निघतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची. आता रोज रात्री एक थेंब औषध, आणि स्कूटर बंद, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलंय.

आत्या म्हणाली, तू इथे असतीस तर बाबांकडे लक्ष राहिलं असतं. मला ते पटत नाही. भाऊ तर त्याच घरात राहतो, त्याला तरी कुठे दिसलं? एका खोलीत राहूनही हा आजार दुसऱ्याला दिसत नाही, डोळ्यात बघितल्याशिवाय कळत नाही. उलट मी इथे आले म्हणून कोणीतरी मला तो प्रश्न विचारला.

पण इथलं सगळं छान आणि आपलं वाईट असं कोणी माझ्या नावावर खपवू नका. आपल्याकडे बाबांना त्याच आठवड्यात स्पेशालिस्टने बघितलं, इथे ऑप्टोमेट्रिस्टने चिठ्ठी दिली तरी इस्पितळाचं बोलावणं यायला महिने लागतात. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डोळ्यांचा आख्खा विभाग आहे, अंधत्वाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९७६ सालीच सुरू केला. डॉक्टर आहेत, मशीनं आहेत. आपण त्यांच्याकडे जातो मोतीबिंदू पिकल्यावर.

आणि मधुमेहवाल्यांनो, तुमचं तर वेगळंच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात मधुमेहात गोवा देशात पहिला आला, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक. साखरेने पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि सुरुवातीला नजरेत काहीच फरक पडत नाही. इथे बारा वर्षांवरच्या मधुमेह्यांना पडद्याच्या फोटोसाठी घरी पत्र येतं. आपल्याकडे पत्र येणार नाही, तर साखरेच्या डॉक्टरलाच विचारा की पडदा कधी तपासायचा, साधारण वर्षातून एकदा तरी लागतो. जाताना कोणाला तरी सोबत न्या, बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, स्वतः गाडी चालवून परत येता येत नाही.

आई-वडील किंवा भावंडांत कोणाला काचबिंदू असेल तर इंग्लंडात चाळिशीनंतर तपासणी फुकट असते, पुढच्या वेळी माझी फुकट झाली, बाबांमुळे. नस ठीक आहे, दरवर्षी यायला सांगितलंय. भावालाही तेवढाच धोका आहे पण तो म्हणतो माझा नंबर आत्ताच काढलाय, गणपतीची चवथ होऊ दे मग बघू. मी इथूनच फोन करून चवथीच्या आधीची अपॉइंटमेंट घेतली आहे आणि वहिनीला सांगून ठेवलंय.