स्पॅम नुसता डिलीट करू नका

आज दिवसभर साइटवरच्या प्रतिक्रियांमधला स्पॅम उपसला. कॅप्चाने ('मी रोबो नाही' छापाच्या चाचणीने) बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, थोडे अडतात, माणसं जास्त वैतागतात. त्यापेक्षा फॉर्ममध्ये सापळ्याचा रकाना ठेवा: सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) लपवलेला, माणसाला न दिसणारा. बॉट तो भरतो आणि सापडतो. मात्र त्याला 'ईमेल' किंवा 'फोन' असं नाव दिलंत, तर ब्राउझरचं ऑटोफिल तो भरून टाकतं आणि खऱ्या माणसाचा मजकूर अडकतो! म्हणून त्या रकान्याचं ऑटोकम्प्लीट (आपोआप भरणं) बंद, आणि टॅब कीने कुणी त्यात पोचू नये म्हणून टॅबइंडेक्स उणे 1. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी आरिया-हिडन (हा रकाना वाचू नको, अशी खूण) हवंच. दोनपेक्षा जास्त लिंका दिसल्या तर मजकूर तपासणीसाठी थांबवा, परस्पर उडवू नका. तरीही निसटलेलं 'स्पॅम' म्हणूनच नोंदवा. नुसतं डिलीट केलं तर फिल्टर काही शिकत नाही. 2005 मध्ये आलेल्या नोफॉलोवर (सर्च इंजिनांनी लिंकला वजन देऊ नये, अशी लिंकवरची खूण) विसंबू नका, बहुतेक बॉट तो बघतच नाहीत.