तीनदा निवडलेला तांदूळ

माझी शाळेतली मैत्रीण आता इस्रायलमध्ये लोदला असते. अलिबागची बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू, लग्न करून गेली ती तिकडचीच झाली, पण फोनवर बोलायला लागली की अजून तस्संच आपलं कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातलं मराठी. मागच्या वर्षी पेसाहच्या दिवसांत (ज्यूंचा सण, त्यात खमीर चढलेलं काही खात नाहीत) तिचा फोन आला तर आवाज अगदी पडलेला. मुलीच्या सासरी जेवायला गेली होती, ती माणसं मूळची पोलंडकडची, म्हणजे अश्केनाझी, जर्मनी-पोलंडकडच्या रीतीचे ज्यू, सगळं जेवण छान पण भात नाही. हिने विचारलं तर विहीणबाई म्हणाल्या आमच्यात पेसाहला तांदूळ चालत नाही, तिथपर्यंत ठीक होतं, पण टेबलावरचं कोणीतरी बोललं की भारतात तुमचे नियम जरा सैलच असतील ना. ते हिला फार लागलं. "अगं सैल कसले, माझी आई तांदूळ तीनदा निवडायची, तीनदा!"

ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिची आई ओटीवर पांढरं धुतलेलं कापड पसरायची, सुपातून मूठ मूठ तांदूळ त्यावर घ्यायची आणि बोटाने एकेक दाणा बाजूला सारायची. खडे काय आपण रोजच काढतो, हिचं लक्ष असायचं गव्हाच्या दाण्यावर, कारण गव्हाला पाणी लागून खमीर चढलं की पेसाहला तो घरात ठेवणंही चालत नाही. सगळं निवडून झालं की परत पहिल्यापासून आणि मग परत तिसऱ्यांदा. आम्ही मुली शेजारी बसून बघायचो आणि गव्हाचा दाणा दिसला की ओरडायचो.

तर मैत्रिणीच्या त्या फोननंतर मी शोधायला लागले की तांदळाचं हे नेमकं लिहिलंय कुठे, आणि शोधता शोधता योसेफ कारो नावाच्या रब्बीपाशी, म्हणजे ज्यू धर्मपंडितापाशी, पोचले आणि मग वर्षभर त्यांच्यातच अडकले.

जन्म १४८८, घराणं स्पेनमधल्या तोलेदोचं. १४९२ साली राजाराणीने फर्मान काढलं की ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा नाहीतर देश सोडावा, तेव्हा हे चार वर्षांचे. कुटुंब पोर्तुगालला गेलं तर पाच वर्षांत तिथेही तेच. मग ऑटोमन तुर्कांच्या राज्यात, जिथे सुलतान बायझीदने या लोकांना थारा दिला होता. वडील लवकर गेले, काका इसहाक कारो यांनी वाढवलं, तेही मोठे विद्वान. निकोपोल, एदिर्ने, सलोनिका आणि शेवटी गालीलच्या डोंगरातलं त्स्फात, असा सगळा प्रवास.

आता त्या काळच्या सलोनिकाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. शहरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, कितीतरी आणि नावं काय, तर अरागॉन, कॅटलान, कॅस्टिल, लिस्बन, सिसिली. जो जिथून हाकलला गेला त्याने त्या गावाच्या नावाने आपली मंडळी उभी केली, प्रत्येकाची प्रार्थनेची चाल वेगळी, लग्नाचे करार वेगळे, मांस कुठलं चालतं कुठलं नाही ते वेगळं. एकाच गल्लीत दोन शेजाऱ्यांचा धर्म वेगळा वाटावा अशी गत. कारोंनी आपल्या मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हेच लिहिलंय की आपण एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले गेलो आणि आता तोरा (म्हणजे धर्मशास्त्र) दोन झाल्यात असंही म्हणता येत नाही, तोरा अगणित झाल्यात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. चार वर्षांचं पोर असताना जो ओतला गेला त्यालाच हे असं सुचू शकतं.

तो मोठा ग्रंथ म्हणजे बेत योसेफ. १५२२ ला एदिर्नेमध्ये सुरू केला, १५४२ ला त्स्फातमध्ये संपवला, म्हणजे वीस वर्षं, आणि पुढे आणखी बारा वर्षं दुरुस्त्या. आधाराला घेतलं तोलेदोच्याच याकोव बेन आशेर यांचं दोनशे वर्षं जुनं पुस्तक, आणि त्यातल्या एकेका नियमाखाली तालमूदपासून (धर्मनियमांवरच्या चर्चेचा प्राचीन ग्रंथ) आपल्या काळापर्यंत कोण काय म्हणालं ते सगळं गोळा केलं. पण नुसतं गोळा करून लोकांना उत्तर मिळत नाही ना, निर्णय लागतो. त्यासाठी त्यांनी तीन पंच धरले, अल्फासी, मैमोनिदीस आणि आशेर बेन येहिएल, आणि साधारण नियम असा की तिघांतले दोघे जे म्हणतील ते धरायचं.

हे तिघे कोण ते बघताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अल्फासी मोरोक्कोतल्या फेझचे, चुगल्यांमुळे ७५ व्या वर्षी घरदार सोडून स्पेनला आले. मैमोनिदीस कोर्दोबाचे, ११४८ नंतर नव्या राजवटीच्या जाचामुळे कुटुंब बाहेर पडलं ते शेवटी इजिप्तला (त्यांचा धाकटा भाऊ जवाहिराच्या व्यापाराला निघालेला असताना आपल्याच हिंदी महासागरात बुडाला, त्या दुःखात ते वर्षभर अंथरुणाला खिळून होते). आणि आशेर तर मूळचे जर्मनीचे, तिथल्या छळातून निसटून तोलेदोला आले. तिन्ही पंच भांड्यातून भांड्यात ओतलेलेच! कारोंनी त्यांना निवडलं ते विद्वत्तेसाठीच, पण मला हे फार जवळचं वाटलं.

मग या अवाढव्य ग्रंथाचं सार त्यांनी एका आटोपशीर पुस्तकात काढलं, शुल्हान आरूख, म्हणजे मांडलेलं टेबल, आपण पान वाढलंय म्हणतो तसं. वाद नाहीत, फाटे नाहीत, हे करा हे करू नका एवढंच. तीस भाग पाडले, रोज एक वाचला की महिन्यात सगळं एकदा डोळ्यांखालून जातं. १५६५ ला व्हेनिसमध्ये छापलं गेलं. त्याच व्हेनिसमध्ये १५५३ साली तालमूदच्या प्रती चौकात ढीग घालून जाळल्या होत्या, मध्ये फक्त बारा वर्षं.

हा माणूस नुसता कायद्याचा कीस काढणारा होता असं मात्र समजू नका. त्यांना रात्री एक वाणी ऐकू यायची, त्यांच्याच तोंडून बोलायची आणि म्हणायची की मी मिश्ना आहे, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेला जुना नियमसंग्रह. लेखा दोदी हे शब्बाथचं (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं) गाणं रचणारे श्लोमो अल्काबेत्झ यांनी एका पत्रात लिहून ठेवलंय की शावुओत सणाच्या रात्री हे सगळे जागून पाठ करत बसले होते आणि कारोंच्या तोंडून ती वाणी बोलायला लागली, दहा जण जमला असतात तर आणखी वर चढला असतात म्हणाली, तर दुसऱ्या रात्री यांनी दहा जमवले. कारोंनी या वाणीची रोजनिशी ठेवली आणि त्यात ती त्यांना चक्क रागावते, जास्त जेवलास, जास्त झोपलास, अभ्यास सोडून भलता विचार केलास. त्यांना धर्मासाठी अग्नीत जाण्याची आस होती आणि वाणीने तसं वचनही दिलं होतं. प्रत्यक्षात १५७५ ला त्स्फातमध्ये गेले, वय ८७.

बरं, तांदूळ. शुल्हान आरूखच्या पहिल्या खंडात कलम ४५३. तिथे कारो सरळ लिहितात की तांदूळ आणि डाळी-कडधान्यांना खमीर चढत नाही, त्यांचा शिजवून पदार्थ करायला हरकत नाही. आणि लगेच त्याच कलमात बारीक अक्षरात दुसरा माणूस बोलतो, पोलंडमधल्या क्राकोचे मोशे इसर्लिस, की काही जण हे निषिद्ध मानतात, अश्केनाझमध्ये तशी रीत आहे आणि ती बदलू नये. इसर्लिसनी मांडलेल्या टेबलावर आपल्या टिपांचं कापड अंथरलं, मप्पा म्हणजे टेबलक्लॉथ, आणि १५७० च्या आसपासपासून दोघं एकत्रच छापले जातात. इसर्लिसच्या टिपांना जे वेगळं वळणदार अक्षर वापरतात (छापील हिब्रूशेजारी ते आपल्या देवनागरीशेजारच्या मोडीसारखं दिसतं) ते मूळ सेफार्दी लोकांच्या, म्हणजे कारोंसारख्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, हातच्या लिखाणावरून घेतलेलं. म्हणजे अश्केनाझी रब्बी सेफार्दी अक्षरात सेफार्दी पुस्तकात आपला विरोध नोंदवतो आणि साडेचारशे वर्षं कोणी त्याला त्या पानावरून उठवलेलं नाही.

मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, तिची प्रार्थनेची पद्धत सेफार्दीच, कोकणातल्या सगळ्या बेने इस्राएलींची तीच. ती म्हणाली परत वाच ते तांदळाचं. परत वाचलं. मग म्हणाली की आईला हे पुस्तक कधी माहीत नव्हतं गं, तिच्या आईने सांगितलं म्हणून करायची.

या वर्षी जेवण हिच्या घरी होतं. दोन दिवस आधी व्हिडिओ कॉल केला तर हिने फोन डब्याला टेकवून ठेवलेला, समोर पांढरं कापड, तांदूळ तिसऱ्यांदा निवडणं चाललेलं. विहीणबाईंसाठी बटाटे वेगळे आणि त्यांचं पातेलंही वेगळं, त्यांच्या भांड्याला तांदळाचा हात लागू द्यायचा नाही असं मुलीला बजावून झालं होतं. बोलता बोलता मध्येच थांबली, चष्मा कपाळावर सरकवला, बोट कॅमेऱ्याजवळ आणलं.

"हा बघ. गहू."