अडकित्त्यांसमोरचा अर्धा तास

सुट्टीत बेळगावहून पुण्याला आलो असून आजची सकाळ राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ केळकरांनी गावोगाव फिरून हजारो वस्तू जमवल्या, हे कळल्यावर धाकटीने फलकावरचे नाव पुन्हा वाचले. दोन्ही मुले खरी खिळली ती नक्षीदार पितळी अडकित्त्यांसमोर; खानापूरच्या आजीच्या पानाच्या डब्यातला साधा लोखंडी अडकित्ता त्यांच्या रोजच्या पाहण्यातला असल्याने वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल (ज्यासाठी मी आलो होतो) मात्र त्यांनी दोन मिनिटांत उरकला. मुलांना एका दिवसात एकच संग्रहालय दाखवावे, असे माझे ठाम मत आहे, म्हणून कस्तुरबांचे १९४४ मध्ये जिथे निधन झाले तो आगाखान पॅलेस उद्यावर ठेवला आहे.