नव्या लॉग फाइलची मालकी

२००५ साली पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत सोर्स कोडचा सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. आमची सबव्हर्जनची (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीची) रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास असलेले भांडार, बर्कली डीबी या डेटाबेसवर होती. काही जण तिच्यात अपाची या वेब सर्व्हरमार्फत शिरत, तर काही जण एसएसएच या सुरक्षित दूरस्थ लॉगिनने, आपापल्या युनिक्स खात्यातून. रिलीजच्या दिवशी दुपारी अपाचीवाल्यांचे कमिट (आपले बदल रिपॉझिटरीत नोंदवणे) अडले, चेकआउटही (तिथून कोड उतरवून घेणे) होईना, आणि शेवटचे कमिट जिच्या नावावर दिसत होते त्या नव्या मुलीला टीम लीडने सर्वांदेखत धारेवर धरले.

बर्कली डीबीत नुसते वाचण्यासाठीही लिहिण्याची परवानगी लागते, कारण वाचणारी प्रोसेससुद्धा आपले लॉक (डेटा वापरात असल्याच्या खुणा) सामायिक फाइलींमध्ये नोंदवते, आणि ती मध्येच मारली गेली तर ते लॉक तसेच राहून बाकीचे ताटकळतात. त्या दिवशी मात्र दुखणे वेगळे होते. डेटाबेसची, बदलांची नोंद ठेवणारी लॉग फाइल १ एमबीची झाली की पुढच्या क्रमांकाची फाइल उघडली जाते, आणि ज्याच्या कमिटच्या वेळी ती उघडते त्याच्याच खात्याची मालकी तिला लागते. नवी फाइल त्या मुलीच्या नावावर होती आणि तिच्या खात्याचा यूमास्क (नव्या फाइलींवरून कोणत्या परवानग्या काढायच्या ते ठरवणारा आकडा), आमच्या सगळ्याच खात्यांसारखा, ०२२ होता. त्यामुळे ग्रुपला, म्हणजे रिपॉझिटरी वापरणाऱ्या बाकीच्या खात्यांना, फक्त वाचता येत होते आणि अपाचीला त्या फाइलीत अक्षरही लिहिता येत नव्हते. एसएसएचवाल्या कोणाच्याही कमिटने नेमके हेच घडले असते.

मी जागेवर पोहोचेपर्यंत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने रूट (सर्वाधिकारी खाते) होऊन डेटाबेस दुरुस्त करणारी रिकव्हरची कमांड चालवलीही होती. त्यामुळे सामायिक फाइली रूटच्या नावाने नव्याने तयार झाल्या आणि तोवर चालू असलेले एसएसएचवालेही अडकले. पुढचा उपाय म्हणून सगळ्या फोल्डरला ७७७, म्हणजे कोणालाही काहीही करण्याची परवानगी, देण्याची त्यांची तयारी होती. एरर नीट न वाचता रूटचा पासवर्ड टाकणाऱ्यांची मला आजही चीड येते.

अपाची थांबवला, एकही एसव्हीएनसर्व्ह (एसएसएचवाल्यांसाठी चालणारा सबव्हर्जनचा प्रोग्राम) चालू नाही याची खात्री करून घेतली, रिपॉझिटरीची प्रत काढली, सर्व फाइलींचा ग्रुप आणि परवानग्या सुधारल्या, आणि मग अपाचीच्या खात्यातून, ग्रुपलाही लिहिता यावे म्हणून यूमास्क ००२ ठेवून, रिकव्हर चालवले. एसव्हीएनसर्व्हच्या जागी आधी यूमास्क बदलून मगच मूळ प्रोग्रामला हाक देणारी छोटी स्क्रिप्ट बसवली. संध्याकाळी कमिट सुरळीत झाले.

सुट्टीच्या दिवशी सगळा इतिहास डम्प करून (एका फाइलीत काढून) एफएसएफएसवर, म्हणजे डेटाबेसऐवजी साध्या फाइली वापरणाऱ्या साठवणीवर, लोड केला. ही सोय सबव्हर्जनच्या २००४ मधल्या १.१ आवृत्तीपासूनच होती आणि १.२ पासून नवी रिपॉझिटरी मुळातच तशी बनत असे. तिच्यात प्रत्येक रिव्हिजनची (कमिटगणिक बनणाऱ्या आवृत्तीची) स्वतंत्र फाइल असते आणि वाचणाऱ्याला लिहिण्याची परवानगी लागत नाही. हा बदल मी आधीच सुचवला होता, पण चालत्या गाड्याला खीळ नको म्हणून तो मागे ठेवला गेला होता.

फाइलींची यादी आणि यूमास्कचा खुलासा मी टीम लीडसकट सगळ्यांना मेलने पाठवला, आणि यात त्या मुलीचा काडीचाही दोष नाही असे त्यात स्पष्ट लिहिले. सर्वांदेखत बोललेले शब्द टीम लीडने सर्वांदेखत मागे घ्यावेत, असे मी त्यांना तोंडावर सांगितले होते. त्यांनी ते घेतले नाहीत.